जुन्या मोटारीचा संसार

मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या रंगाची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमची निघून गेली. या जातीची अखेरची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि मुंबईच्या टॅक्सीस वीस वर्षांहून अधिक आयुष्य नियमाने मिळत नाही. तेव्हा तिचा दिवस ठरलेलाच होता. त्या वेळी वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली, जुनी छायाचित्रे छापून आली, आणि ते स्वाभाविकच होते. आम्हांस मात्र या घटनेची जी बाजू अधिक विचारणीय वाटते, ती खर्चाची आहे. गिरगावात, दादरला, परळला ज्या मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या दाराशी वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या वेळची फियाट उभी होती, त्यांना न मागता मिळालेला एक मोठा आधार टॅक्सीबरोबर सुटला. तो आधार कोणता होता हे नीट ध्यानात आले, म्हणजे जुनी आणि पुष्कळ धावलेली मोटार माफक खर्चात कशी बाळगावी, या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

ही गाडी मुंबईचीच. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तेथे अमेरिकन मोटारी जुळवल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिचे १९६४ सालचे रूप तेच पुढे १९७४ पासून पद्मिनी या नावाने चालले. इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती चाळीस अश्वांच्या आसपास, आणि चारही चाकांस ड्रमचे ब्रेक. शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे एकाच ठेवणीची गाडी किरकोळ फेरफारांनिशी विकली गेली. परवान्यांच्या त्या काळात ग्राहकास काही नवे देण्याची कारखानदारास घाई नव्हती, हे कोणीही कबूल करील. पण गाडी बाळगणाराचा त्यात एक फायदा झाला. काकांच्या जुन्या फियाटीचे पुष्कळसे सुटे भाग पुतण्याच्या नव्या पद्मिनीस बसत, आणि एकाच्या गाडीवर हात बसलेला मिस्त्री दुसऱ्याच्या गाडीस बिनदिक्कत हात घाली.

त्यात टॅक्सीची भर पडली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मुंबईत या जातीच्या टॅक्सी साठ हजारांच्या घरात होत्या, आणि त्यांतील कित्येक दोन पाळ्यांत धावत. त्यांच्या क्लचप्लेटा, ब्रेकचे शू, बुश आणि वायसर रोज झिजत आणि रोज बदलले जात. त्यामुळे ऑपेरा हाउसच्या बाजारात हे भाग पालेभाजीसारखे मुबलक. मोडीत निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, काचा आणि गिअरपेट्या कुर्ल्याच्या भंगारबाजारात मिळत. आणि गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली पेटी घेऊन बसलेल्या मिस्त्रीच्या हाताखालून हेच इंजिन शेकडो वेळा गेलेले असे. टॅक्सी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून काम झटपट व्हावयाचे, आणि भाव टॅक्सीवाल्यास परवडेल असाच लागावयाचा. आपल्या घरची फियाट त्याच मिस्त्रीकडे नेली की आपणांसही तोच भाव मिळे. त्या गाडीची स्वस्ताई तिच्या पत्र्यात किंवा यंत्रात फारशी नव्हती. तिच्या जातीच्या हजारो गाड्या भोवती राबत होत्या, त्यांत ती होती.

म्हणून जुनी गाडी ठेवावी की काढावी, अथवा जुनीच विकत घ्यावयाची तर कोणती, हे ठरविताना पहिला प्रश्न तिच्या रंगरूपाचा नसावा, किंबहुना मीटरवरच्या आकड्याचाही नसावा. हिच्या जातीच्या गाड्या आज मुंबईत भाड्याने धावतात काय, हे आधी पाहावे. वॅगन आर आज काळ्या-पिवळ्या वेषात चौकाचौकात दिसते. तेव्हा दीड लाख किलोमीटर धावलेली वॅगन आर ही घरच्या पैशाने सांभाळता येण्याजोगी वस्तू आहे. मारुती ८०० ही १९८३ पासून २०१४ पर्यंत तीस वर्षे निघत राहिली. तिचेही भाग आणि जाणकार दोन्ही मिळतात. उलट जनरल मोटर्सने २०१७ साली हिंदुस्थानात शेव्हरोले विकणे बंद केले, आणि फोर्डने येथील कारखाने बंद करण्याचे २०२१ साली जाहीर केले. या गाड्या वाईट होत्या असे मुळीच नव्हे; पण असली गाडी निम्म्या किमतीत चालून आली तरी तिचा एखादा मोठा भाग गेल्यास तो कोठून येणार, याची चौकशी घेण्यापूर्वीच करावी. आणि जर्मन मोटारीचा मोह तर दुरूनच वंदावा. दहा वर्षांनी तिची किंमत मारुतीइतकी उतरते, परंतु तिच्या समोरच्या दिव्याची किंमत जर्मनच राहते.

गाडी निवडून झाली, आता ती घरात कशी नांदते ते पाहू. एकत्र कुटुंबातील मोटारीस एक खास रोग जडतो. नाव थोरल्यांचे, चावी धाकट्यांच्या खिशात, पेट्रोल ज्याला जाणे असेल त्याचे, आणि दुरुस्ती मात्र कोणाचीच नाही. ब्रेक किरकिरतो हे चौघांना ठाऊक असते. चौघेही समजतात की दुसऱ्याने मिस्त्रीला सांगितले असेल. शेवटी आजींना इस्पितळात न्यावयाच्या सकाळी गाडी जिन्याशी अडून बसते, आणि मग जो खर्च येतो तो घाईचा, म्हणजे दुप्पट असतो. वाणसामानासाठी जशी घरात एक पिशवी असते, तशी मोटारीची वेगळी पिशवी असावी असे आमचे मत आहे. समजा, घरातील कमावत्या चौघांनी दरमहा पाचशे रुपये तीत टाकले, तर वर्षास चोवीस हजार होतात. लहान गाडीचे तेल, फिल्टर, ब्रेकचे सामान, विमा आणि दर तीन-चार वर्षांनी येणारी बॅटरी यांची तोंडमिळवणी बहुतेक त्यातून होते. ज्या वर्षी खर्च कमी, त्या वर्षीची शिल्लक टायरांसाठी राखावी. पैशांची जबाबदारी मात्र एकाकडेच द्यावी. ज्या घरात ती सूनबाईंकडे किंवा सासूबाईंकडे असेल, त्या घरात मिस्त्रीची बिले थोडी अधिक बारकाईने वाचली जातील, याविषयी आम्हांस शंका नाही.

त्या पिशवीबरोबर एक वही हवी. तारीख, मीटरचा आकडा, काय बदलले, कोठून आणले, किती पडले, एवढेच तीत लिहावयाचे. पुष्कळ धावलेल्या गाडीची दुरुस्ती महाग पडते ती बहुधा अंदाजामुळे. गाडी तापते म्हणताच एक मिस्त्री रेडिएटर बदलतो, दुसरा पंप, तिसरा थर्मोस्टॅट. आणि तिघांचे मिळून इंजिन उघडण्याइतके पैसे होतात. वहीत जर असे दिसले की तीन महिन्यांपूर्वी नळी बदलली आणि तेव्हापासून टाकीतले पाणी दर पंधरवड्यास थोडे उतरते, तर शहाणा मिस्त्री आधी त्या नळीचीच पट्टी आवळून पाहील. तेल किती दिवसांनी भरावे लागते, हेही असेच लिहून ठेवावे. जुने इंजिन थोडे तेल खाणारच; पण खाण्याचे प्रमाण एकाएकी वाढले तर ते लक्षण आहे. सायलेन्सरच्या धुराचा रंगही पाहावयास शिकावे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त होते आहे, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे, असे बहुधा समजावे. निळ्या धुराची गाडी नुसती तेल घालीत वर्षभर चालवता येते. पांढऱ्या धुराची गाडी मात्र त्याच दिवशी उभी करावी, नाहीतर शे-दोनशेच्या जागी हजारोंचे काम निघते.

नेहमीच्या कामांत तेलाइतके स्वस्त औषध दुसरे नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे, आणि गाडी थोडी धावत असली तरी वर्षातून एकदा बदलावेच. कारण दादरहून लालबागेपर्यंतच्या धावण्यात इंजिन पुरते गरमही होत नाही, आणि तेलातला ओलावा तसाच राहतो. परळ-लालबागेकडे गिरण्यांच्या जागी उंच इमारती उठत आहेत. त्या भागातल्या गाडीचा हवेचा फिल्टर सिमेंटच्या धुळीने पुस्तिकेतील मुदतीच्या आतच भरतो. तो काढून झटकून पाहणे घरच्या मुलासही जमते. ज्या गाडीच्या इंजिनात टायमिंगचा रबरी पट्टा असतो, त्या गाडीत तो मुदतीत बदलण्याची हयगय करू नये. हा पट्टा तुटण्यापूर्वी बहुधा सूचना देत नाही, आणि पुष्कळ इंजिनांत तो तुटताच पिस्टन व्हाल्व्हवर आदळून सगळा संसार उद्ध्वस्त होतो. जुनी गाडी विकत घेताना पूर्वीच्या मालकाजवळ या पट्ट्याचे बिल नसेल, तर तो बदललेला नाही असे समजून आधी बदलून घ्यावा.

आता मुंबईच्या हवेकडे वळू. कारण पुण्याच्या गाडीस जे लागू ते गिरगावच्या गाडीस लागू नाही. आमच्या भागातली गाडी धावून जितकी म्हातारी होते, त्याहून उभी राहून अधिक होते. लोकल आहे, बस आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तर गिरगाव आणि दादर भुयारी मेट्रोने जोडले गेले आहेत. तेव्हा गाडी निघते ती लग्नाला, गावाला आणि डॉक्टरकडे. इतर वेळी ती वाडीच्या तोंडाशी खाऱ्या वाऱ्यात उभी असते. फियाटीस वेगळी लोखंडी चौकट नव्हती; खालचा पत्राच चौकटीचे काम करी, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्यांची गोष्ट तीच आहे. म्हणून दरवाजावरचा गंज दिसावयास वाईट असला तरी निरुपद्रवी असतो. दाराखालच्या पट्टीचा, फरशीचा आणि स्प्रिंगा जेथे टेकतात त्या जागेचा गंज गाडीचा जीव घेतो. पावसाळ्यापूर्वी गाडी जॅकवर चढवून खालून धुवावी, वाळू द्यावी आणि गंजरोधक लेप द्यावा. या एका कामावर केलेला खर्च पुढे पत्रे कापून जोडण्याच्या खर्चाच्या मानाने क्षुल्लक ठरतो. हिंदू कॉलनीसारख्या झाडांच्या भागात समोरच्या काचेखालच्या खाचेत पाने साचतात, तेथील छिद्रे बुजतात, आणि पावसाचे पाणी गाडीच्या आत पायपुसण्याखाली उतरते. ती पाने हाताने काढावयास एक पैसाही लागत नाही. उभ्या गाडीचा आणखी एक रहिवासी म्हणजे उंदीर. त्याला तारांवरचे वेष्टन फार आवडते, आणि नव्या गाडीत तारांचे जाळे बदलणे हे फार खर्चाचे काम आहे. त्यावर डांबरगोळ्यांपासून तंबाखूपर्यंत अनेक उपाय लोक सांगतात. गाडी आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटे खरोखर चालवून आणणे हा त्यांतला सर्वांत खात्रीचा. त्याने बॅटरी भरते, ब्रेक मोकळे राहतात, टायर एका बाजूस दबत नाहीत. जागच्या जागी दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवण्याने यांतले फारसे काही साधत नाही.

पावसाविषयी एकच गोष्ट, पण ती घरातल्या प्रत्येक गाडी चालविणाऱ्याने पाठ करावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस अपवादाचा होता हे खरे. परंतु दादरच्या हिंदमाता चौकात पाणी तुंबावयास तेवढा पाऊस लागत नाही, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असेल, तर पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. गाडी ढकलून कडेला लावावी, बॅटरीची तार सोडावी, आणि सुकलेल्या दिवशी मिस्त्रीकडून प्लग काढून तपासावी. साध्या विमापत्रात पाण्याने बिघडलेल्या इंजिनाची भरपाई बहुधा मिळत नाही. त्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागते, आणि जुन्या गाडीस ते मिळेलच असे नाही.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि ज्या जुन्या गाड्या त्यासाठी घडविलेल्या नाहीत त्यांच्या रबरी नळ्या, पंपातील पडदा आणि कार्ब्युरेटरची वायसरे त्याने लवकर सुकतात किंवा फुगतात. घाबरून जाण्याचे कारण नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या एकदाच या मिश्रणास टिकणाऱ्या जातीच्या बसवून घ्याव्यात, टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी ठेवू नये, आणि गाडीत पेट्रोलचा वास आला तर तो वास नेहमीचाच म्हणून सोडून देऊ नये.

येथपर्यंत आम्ही काटकसरीचे बोललो. पण तीन ठिकाणी काटकसर ही निव्वळ कंजुषी होय, आणि ती घरातल्या मुलांच्या जिवावर बेतते. ब्रेक, टायर आणि सुकाणू ही ती ठिकाणे. भंगारबाजारातून दरवाजा आणावा, आरसा आणावा, फार तर अल्टरनेटर आणावा. ब्रेकचा सिलिंडर कधीही आणू नये. ब्रेकचे तेल ओलावा धरते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी झाली की तो कायद्यानेही बाद होतो. पण थोड्या धावणाऱ्या गाडीत नक्षी शाबूत असताना रबरच मरते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात; २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांहून जुन्या टायरवर कुटुंब बसवून बोरघाट उतरू नये.

राहिला सरकारचा हिशेब. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची; पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. आणि वीस वर्षांवरच्या मोटारीस ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आले. महाराष्ट्राने २०१० साली बसविलेला पर्यावरण कर पेट्रोलच्या मोटारीस पाच वर्षांचा ३,००० रुपये असा ठरला होता. हे आकडे बदलत असतात, म्हणून कार्यालयात विचारून घ्यावे. पण वरील दरांनीही सोळा वर्षांच्या गाडीचा हा बोजा वर्षास १,६०० रुपयांच्या आसपास पडतो. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा सक्तीचा विमा १ जून २०२२ पासून हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या गाडीस २,०९४ आणि दीड हजारांपर्यंतच्या गाडीस ३,४१६ रुपये असा ठरविला गेला. दुसऱ्या पारड्यात सात लाखांची नवी गाडी ठेवून पाहावी. शेकडा नऊ दराने कर्ज काढले तर पहिल्या वर्षाचे व्याजच पन्नास-साठ हजारांच्या घरात जाते, आणि तेवढ्याच अवधीत गाडीची किंमत उतरते ती वेगळी. म्हणजे जुन्या गाडीस एखाद्या वर्षी चाळीस हजार खर्च आला म्हणून ‘आता हिला विकून टाका’ असा जो ओरडा घरात होतो, तो हिशेबास धरून नसतो.

तथापि विकण्याची वेळ येतेच. तळाच्या पत्र्यास गंजाने छिद्रे पडली, किंवा तीच ती दुरुस्ती वर्षात तिसऱ्यांदा वहीत दिसू लागली, म्हणजे माया आवरावी. पद्मिनीवर फारच जीव असेल आणि ती पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची ऐतिहासिक वाहन म्हणून वेगळी नोंदणी होते. तिचे शुल्क दहा वर्षांस २०,००० रुपये आहे. पण मग ती प्रदर्शनास आणि मेळाव्यास न्यावयाची, रोजच्या कामास नव्हे. इतर गाड्यांची सोय अधिकृत मोडणी-केंद्रात करावी. गल्लीतल्या भंगारवाल्याने हजार-दोन हजार अधिक देऊ केले तरी नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती येईपर्यंत ती गाडी आपल्याच नावावर असते, आणि तिच्या हातून उद्या काही घडले तर पोलीस आपल्याच दाराशी येतात. केंद्राकडून प्रमाणपत्र घ्यावे. नवी गाडी घेताना करात सवलत मिळविण्यासही ते उपयोगी पडते. गाडी नेण्यापूर्वी तिच्या कप्प्यातली वही तेवढी काढून घ्यावी. कोणता मिस्त्री कोणत्या कामास चांगला, आणि कोणत्या दुकानातले ब्रेकशू सहा महिन्यांत गेले, हे सारे तीत लिहिलेले असते.